रुमाल, पुडके आणि फोल्डर : कागद ठेवण्याच्या विद्येचा इतिहास

लिहिणे ही एक विद्या आहे आणि लिहिलेले पुन्हा सापडेल अशा रीतीने ठेवणे ही दुसरी. पहिल्या विद्येचा गौरव करणाऱ्या सभा आपल्याकडे नित्य भरतात. दुसरीची आठवण मात्र कागद हरवल्यावाचून सहसा कोणास होत नाही. पूर्वी ही उपेक्षा फारशी बाधत नसे, कारण कागद ठेवणारा माणूस वेगळा असे. लेखकाने लिहावे आणि कारकुनाने ते दप्तरी लावावे, अशी कामाची वाटणी होती. वैयक्तिक संगणक घरोघरी आला आणि ही वाटणी संपली. आज प्रत्येक शिक्षक, प्रत्येक लेखक आणि प्रत्येक संस्थेचा चिटणीस स्वतःचाच दप्तरदार झाला आहे. दप्तरदारीचे शिक्षण मात्र त्यास कोणी दिलेले नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही ह्या दुसऱ्या विद्येचा इतिहास थोडक्यात मांडणार आहोत. संगणकावर फाइली ठेवण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे ती यंत्राबरोबर आकाशातून पडलेली नाही. ती जुन्या दप्तरखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, आणि तिच्या मर्यादाही तेथूनच आलेल्या आहेत. हे ध्यानात आले म्हणजे त्या यंत्राचे भय कमी होते आणि आपली जबाबदारी मात्र वाढते, असे आमचे मत आहे.

आरंभ शब्दांपासून करू. ज्यास आपण दप्तर म्हणतो तो शब्द फारशी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आला; त्याचे मूळ ग्रीक भाषेतील 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेले कातडे, ह्या शब्दात आहे. प्रथम ज्यावर लिहीत ते कातडे, मग लिहिलेल्यांचा संग्रह, मग तो संग्रह जेथे ठेवीत ती कचेरी, आणि शेवटी शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवी, एवढा प्रवास ह्या एका शब्दाने केला आहे. 'फाइल' ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'फिलुम' म्हणजे धागा. युरोपात कागद टोचून दोऱ्यात वा तारेत ओवून ठेवीत. आपल्याकडे किराणा मालाच्या दुकानात बिले टोचून ठेवण्याची जी वाकडी तार असे, ती म्हणजे अक्षरशः फाइलच होय. 'रुमाल' हा शब्द फारशी, मूळ अर्थ तोंड पुसण्याचे वस्त्र. परंतु मराठी दप्तरात तो कागदांची चळत बांधण्याच्या चौकोनी फडक्यास लागला आणि पुढे त्या गाठोड्यासच रुमाल म्हणू लागले. धागा, कातडे आणि फडके ह्या तीन वस्तूंचे काम एकच : सुटा कागद सुटा राहू न देणे.

सुटा कागद बांधला म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. बांधलेल्या हजारो गाठोड्यांतून हवे ते गाठोडे काढता आले पाहिजे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. प्रत्येक रुमालात पुडकी, प्रत्येक पुडक्यात कागद. संशोधक आपल्या टीपेत रुमालाचा क्रमांक देतो, पुडक्याचा देतो आणि मग कागदाचा देतो. एवढे तीन आकडे हाती असले की त्या विशाल संग्रहातील नेमका एक कागद कोणासही काढता येतो. संगणकावर एखाद्या फाइलचा पूर्ण पत्ता आपण पाहिला तर त्याची घडण हीच आढळते. प्रथम डिस्क, मग मोठा फोल्डर, त्यातील लहान फोल्डर, आणि शेवटी फाइलचे नाव. मध्ये तिरप्या रेघा. संगणकशास्त्रज्ञ ह्यास 'पाथ' म्हणजे वाट म्हणतात. मराठी इतिहाससंशोधकास ही वाट नवी नाही. तो ह्याच वाटेने रुमालापर्यंत जात आला आहे.

वाटेची ही कल्पना गोव्यातही आढळते. गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ साली झाली आणि इतिहासकार दियोगु द कोतु हा त्याचा पहिला रक्षक होता. त्या दप्तरखान्यातील पोर्तुगीज ग्रंथांत मराठ्यांच्या इतिहासाची किती साधने दडलेली आहेत हे ज्यांनी दाखवून दिले, त्या पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर ह्यांनी १९५५ साली ह्या संग्रहाचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात त्यांनी 'रोतैरु' हा शब्द योजला आहे. मुळात हा दर्यावर्दींचा शब्द. वाटेचे वर्णन, प्रवासाची दिशा सांगणारे टिपण, असा त्याचा अर्थ. दप्तरात शिरणाऱ्यास नकाशा लागतो, हे पिसुर्लेकरांना अनुभवाने ठाऊक होते.

आता ह्या विद्येतील सर्वांत मोठी उणीव कोणती, तेही जुन्या दप्तरांकडूनच शिकण्यासारखे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० पासून १७६१ पर्यंतचे, म्हणजे पानिपतापर्यंतचे, कागद आहेत. राजवाड्यांस आणि त्यांच्यामागून आलेल्या संशोधकांस जो श्रम सर्वांत अधिक झाला तो मोडी वाचण्याचा नव्हे, तर कालनिर्णयाचा. पुष्कळ पत्रांत तिथी असते, महिना असतो, आणि साल नसते. लिहिणाराचा ह्यात दोष काढता येत नाही. पत्र ज्याला पोचायचे त्यास चालू साल कोणते हे ठाऊकच होते! परंतु दीडशे वर्षांनी ते पत्र हाती घेणाऱ्यास ते ठाऊक नसते. आणि मग मजकुरातील एखाद्या मोहिमेच्या, मृत्यूच्या वा ग्रहणाच्या उल्लेखावरून साल ठरविण्यात त्याचे दिवसच्या दिवस जातात. आपल्या संगणकांवर 'पत्र', 'नवीन पत्र', 'अहवाल अंतिम', 'अहवाल अंतिम दुरुस्त' अशा नावांच्या ज्या फाइली पडलेल्या असतात, त्या सर्व ह्याच बिनसालाच्या पत्रांच्या वंशातील आहेत. यंत्र स्वतः तारीख नोंदविते, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्राची तारीख फाइल शेवटी केव्हा बदलली ते सांगते. मजकूर कोणत्या सभेचा आहे ते नव्हे. जुनी फाइल उघडून त्यात एक स्वल्पविराम घालून पुन्हा साठविली, तर यंत्राच्या लेखी ती आजची झाली.

ज्या वर्षी राजवाड्यांचा पहिला खंड निघाला, त्याच १८९८ साली हॉलंडमध्ये मुलर, फाइथ आणि फ्रुइन ह्या तिघा अभिलेखपालांनी आपल्या शास्त्राचा एक मूलग्रंथ सिद्ध केला. फ्रान्समध्ये १८४१ पासून रूढ होत आलेले तत्त्व त्यांनी नियमबद्ध केले. ते तत्त्व असे, की एका कचेरीचे कागद दुसऱ्या कचेरीच्या कागदांत मिसळू नयेत, आणि ज्या क्रमाने ते मूळ कचेरीने लावले होते तो क्रम मोडू नये. कारण कागद कोणाशेजारी होता, हीदेखील त्या कागदाविषयीची माहितीच असते. ह्याच्या शेजारी गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांचे कार्य ठेवून पाहावे. बडोदे संस्थानच्या दीर्घ सेवेनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळात संपादिले. त्या खंडांची योजना विषयवार आहे, आणि वाचकास तीच उपकारक आहे. मूळ क्रम आणि विषयवार निवड ह्या दोन्ही गरजा खऱ्या असून त्या परस्परांशी भांडतात. एकच कागद दोन ठिकाणी कसा ठेवावा, हा प्रश्न कापडाच्या रुमालास सोडविता येत नाही. संगणकास तो काही अंशी सोडविता येतो, हे पुढे दिसेल.

तत्पूर्वी अमेरिकेतील कचेऱ्यांकडे क्षणभर वळले पाहिजे, कारण संगणकाच्या पडद्यावरील पिवळसर फोल्डरचे चित्र तेथून आले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील व्यापारी पेढ्या गेलेल्या पत्रांच्या नकला बांधीव वहीत कालक्रमाने ठेवीत आणि आलेली पत्रे घडी करून वेगळ्या खणांत. एका व्यवहाराचा संपूर्ण पत्रव्यवहार एकत्र पाहावयाचा तर दोन ठिकाणी शोध करावा लागे. टंकयंत्र आणि कार्बन कागद आल्यावर नक्कल सुटी झाली. मग १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात उभ्या खणांचे कपाट पुढे आले. त्यात कागद उभे ठेवून मध्ये जाड कागदाच्या घड्या घालावयाच्या. आलेले पत्र आणि त्याचे उत्तर प्रथमच एका घडीत शेजारी बसले. ही घडी म्हणजेच फोल्डर. आपल्या रुमालाने हे काम शतकापूर्वीच केले होते. मात्र संगणकाचे चित्रकार अमेरिकन असल्यामुळे पडद्यावर रुमाल न येता मनिला कागदाची घडी आली, इतकेच!

आता प्रत्यक्ष संगणकाकडे येऊ. १९५६ साली आय.बी.एम. ह्या कंपनीने फिरत्या तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. तोवर माहिती छिद्रांकित पत्त्यांवर अथवा फितीवर असे. फितीच्या शेवटी असलेली नोंद वाचण्यास आरंभापासून सारी फीत सरकवावी लागे. तबकडीवर मात्र कोणत्याही जागी थेट जाता येऊ लागले. थेट जाता येऊ लागताच 'कोठे जावयाचे' हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर १९६५ साली मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक ह्यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची एक प्रणाली आखली होती. तिच्यासाठी डेली आणि न्यूमन ह्या दोघांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी फाइलींची रचना वृक्षासारखी असावी असे प्रतिपादिले : एक मूळ, त्यापासून शाखा, शाखांपासून उपशाखा, आणि टोकाशी फाइली. शाखा म्हणजे ज्यात इतर फाइलींची यादी आहे अशी एक फाइलच, हे त्यांचे मोठे सूत्र. शिवाय एका शाखेतून दुसऱ्या शाखेतील फाइलकडे निर्देश करणारी जोडणीही त्यांनी सुचविली. कागद एके ठिकाणी आणि त्याची आठवण दोन ठिकाणी, अशी ती सोय. आकृतीत हा वृक्ष उलटा काढतात. मूळ वर आणि फांद्या खाली असा अश्वत्थ आपल्या वाचकांस अपरिचित नाही. १९६९ साली बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी 'युनिक्स' प्रणालीस आरंभ केला, तेव्हा हा वृक्ष त्यांनी अधिक सुटसुटीत रूपात स्वीकारला. आज जगातील बहुतेक संगणक ह्या ना त्या रूपाने त्याच वृक्षाखाली बसले आहेत.

परंतु वैयक्तिक संगणकास हा वृक्ष आरंभी मिळाला नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक आला. त्याच्या १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर एकच सपाट यादी होती आणि तीत फार तर ६४ फाइलींची नावे मावत. नाव आठ अक्षरांचे आणि पुढे प्रकार सांगणारी तीन अक्षरे. तीही केवळ रोमन. ह्या काळात खरे दप्तर म्हणजे फ्लॉप्यांचा डबा होता. प्रत्येक फ्लॉपीवर चिकटविलेली चिठ्ठी हेच तिचे वर्गीकरण. १९८३ साली दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला संगणक आला, आणि त्याबरोबर 'डॉस'च्या दुसऱ्या आवृत्तीत शाखा-उपशाखांची सोय आली. शेकडो फाइली एका यादीत ठेवणे अशक्य झाले, म्हणून वृक्ष आला. गरज हीच येथेही जननी ठरली.

दरम्यान झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचे यंत्र काढले होते. कचेरीतील माणसास आज्ञांची भाषा न शिकता काम करता यावे म्हणून त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, खण आणि टपालाची टोपली अशी चित्रे मांडली होती. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशने ही कल्पना लोकांपर्यंत नेली. गंमत अशी, की मॅकिंटॉशच्या पहिल्या आवृत्तीतील फोल्डर हे केवळ पडद्यावरचे चित्र होते. आत, डिस्कवर, सर्व फाइली एकाच सपाट यादीत असत. खरी शाखाबद्ध रचना १९८५ साली आली. १९९५ च्या 'विंडोज'ने डिरेक्टरीस सर्वत्र फोल्डर म्हणावयास शिकविले आणि २५५ अक्षरांपर्यंत लांब नावांची मुभा दिली. आठ रोमन अक्षरांत 'संतवाङ्मयातील उपमा' हा विषय कोंबण्याची कसरत त्या दिवशी संपली.

साधने सुधारली, पण माणूस सुधारला काय? थॉमस मेलोन ह्या अभ्यासकाने १९८३ साली कचेरीतील माणसे आपली मेजे कशी लावतात ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यास दोन प्रकार आढळले : नाव देऊन लावलेल्या फाइली आणि नाव नसलेले ढीग. ढीग म्हणजे केवळ आळस नव्हे, असे त्याने दाखविले. मेजावर डोळ्यांसमोर असलेला कागद 'हे काम राहिले आहे' असे बजावत असतो. तो कपाटात गेला की कामही विस्मरणात जाते. शिवाय कागद कोणत्या वर्गात घालावा हे ठरविणे हेच एक कष्टाचे काम आहे, आणि ते टाळण्यासाठी ढीग वाढतो. संगणकाचा पडदा फाइलींच्या चित्रांनी भरून गेलेला दिसतो, त्याचे कारण हेच होय.

वृक्षावर आणखी एक आक्षेप फार पूर्वीच घेण्यात आला होता. व्हॅनेव्हर बुश ह्या अमेरिकन वैज्ञानिकाने जुलै १९४५ मध्ये एका निबंधात म्हटले होते, की वर्ग-उपवर्गांची उतरंड मनाच्या रीतीविरुद्ध आहे. मन साहचर्याने चालते, एका कल्पनेवरून दुसरीवर उडी घेते. पुढे २००४-०५ च्या सुमारास घरच्या संगणकातील सर्व मजकुरात क्षणार्धात शोध घेणारी साधने आली, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता वर्गीकरणाचे दिवस संपले. परंतु ऑफर बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच आढळले. शोधाची साधने सुधारली तरी माणसे आपल्या फाइलीकडे फोल्डरच्या वाटेनेच जाणे पसंत करतात. जागा आठवेनाशी झाली म्हणजे मगच शोधाकडे वळतात. घरातील मीठ कोठे आहे हे आपण विचारून शोधत नाही. हात सवयीने तेथे जातो.

मराठी लिहिणाऱ्यास शोधावर विसंबता येत नाही, ह्याला आणखी खास आपली कारणे आहेत. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. 'कांहीं' आणि 'काही' हे एकच शब्द आहेत हे आपणास कळते. साधा शोध करणाऱ्या यंत्रास कळत नाही. 'ॲड.' ह्या संक्षेपातील 'ॲ' ह्या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वी, आणि पुष्कळदा त्यानंतरही, लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र जोडीत. डोळ्यांस दोन्ही सारखी. यंत्रास ती भिन्न. सभेच्या इतिवृत्तात एखाद्या वकील सभासदाचे नाव शोधावे आणि अर्ध्या नोंदी सापडूच नयेत, असे घडते ते ह्यामुळे.

आणि येथेच आम्ही ह्या लेखाच्या खऱ्या चिंतेपाशी येऊन पोचलो आहोत. संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर हे ठरविणारा करार सर्वमान्य असला तरच आज लिहिलेले उद्या वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी असा करार १९८८ पासून आकारास आला आणि १९९१ साली राष्ट्रीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीस स्थान होते. परंतु घरगुती संगणकावर युनिकोड देवनागरी सुखाने लिहिता येण्यास २००० साल उजाडावे लागले, आणि छपाईच्या व्यवसायात तर जुनी रीत त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. ती रीत अशी, की प्रत्येक फॉन्टकर्त्याने रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी आपल्या सोयीने देवनागरीची चित्रे बसविली होती. एकाचा 'क' ज्या अंकावर, त्याच अंकावर दुसऱ्याची वेलांटी. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर आहे तोवर मजकूर मराठी दिसतो. फॉन्ट गेला की त्याच फाइलीत रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो. अशा फाइलीत मराठी शब्द शोधून सापडणे शक्य नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने तीत मराठी नाहीच.

मोडीची गोष्ट वेगळी नाही. लिपी शाळांतून गेली, वाचणारे विरळ झाले, आणि रुमाल जागच्या जागी असूनही मुके झाले. २०१४ साली मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ही आनंदाची गोष्ट. पण त्यामुळे रुमाल बोलू लागत नाहीत, ते वाचणारा माणूसच लागतो. १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांत फॉन्टबद्ध रीतीने टंकलिखित झालेला मराठी मजकूर ही आपल्या काळातील मोडी आहे. फरक इतकाच, की मोडी मुकी व्हावयास काही पिढ्या लागल्या; ह्या मजकुरास एक संगणक बदलणे पुरते.

ही चिंता महाराष्ट्राबाहेरील मराठी केंद्रांस अधिक लागावी, असे आम्हांस वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव आणि गोवा येथील मराठी संस्थांचा इतिहास कोणत्याही एका सरकारी दप्तरात सलग मिळणार नाही. तो इतिवृत्तांत आहे, वार्षिक अहवालांत आहे, स्मरणिकांच्या मुद्रणप्रतींत आहे, संमेलनांच्या पत्रव्यवहारात आहे. ही सामग्री पूर्वी संस्थेच्या कपाटात असे. आता ती बहुधा कोण्या चिटणिसाच्या घरच्या संगणकात असते. चिटणीस बदलला, संगणक मोडीत गेला, अथवा घरच्यांनी जुने यंत्र भंगारात दिले, की त्या संस्थेची दहा-वीस वर्षे नाहीशी होतात. आणि कागदास वाळवी लागली तर निदान भुसा दिसतो, येथे तोही दिसत नाही. ज्या वडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था लावली, आणि १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांचा कोश सिद्ध करविला, तेथील मराठी परंपरेस तरी व्यवस्थेचे महत्त्व नव्याने पटवावे लागू नये.

उपाय अवघड नाहीत, आणि सर्वच्या सर्व जुन्या दप्तरांतून घेता येतात. पहिला उपाय साल. फाइलीच्या नावाच्या आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस अंकांत लिहावा. महिना व दिवस नेहमी दोन अंकी ठेवले की नावे आपोआप कालक्रमाने लागतात. पुढे कोणाचा कागद व कशाविषयी, एवढे दोन-चार शब्द पुरेत. दुसरा उपाय मूळ क्रम. फोल्डर कामावरून करावेत, कागदाच्या प्रकारावरून नव्हे. एका संमेलनाची निमंत्रणे, जमाखर्च, छायाचित्रे आणि अध्यक्षीय भाषण ही सारी त्या संमेलनाच्या एका फोल्डरात असावीत; सर्व छायाचित्रे एकीकडे आणि सर्व भाषणे दुसरीकडे गेली की संमेलन विस्कटते. शाखाही फार खोल नसाव्यात. रुमाल, पुडके, कागद ह्या तीन पायऱ्या पेशव्यांच्या राज्यास पुरल्या, त्या आपल्या संस्थेस पुराव्यात! तिसरा उपाय मसुदा आणि नक्कल ह्यांतील भेद. जुना कारकून मसुद्यास मसुदाच म्हणे. आपणही 'अंतिम', 'नवा अंतिम' ह्या शब्दांऐवजी मसुद्यांस क्रमांक द्यावेत आणि सभेने मंजूर केलेली प्रत वेगळी, स्पष्ट नावाने ठेवावी.

चौथा उपाय बारनिशी. आवक-जावक नोंदविणाऱ्या वहीप्रमाणे मुख्य फोल्डरातच एक साधी फाइल असावी. कोणत्या फोल्डरात काय आहे, कोणत्या फाइली कोणत्या फॉन्टात आहेत, हे तीत लिहिलेले असावे. पिसुर्लेकरांनी जे एका महान दप्तरखान्यासाठी केले ते आपल्या लहान दप्तरासाठी दोन पानांत होते. पाचवा उपाय लिप्यंतर. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि मूळ फाइलही जपावी, कारण अशा रूपांतरात जोडाक्षरे व रफार चुकतात आणि ताडून पाहण्यास मूळ लागते. शेवटचा उपाय नक्कल. एक प्रत घरी, एक संस्थेत, आणि शक्य तर एक दुसऱ्या गावी. एकाच ठिकाणी असलेली दोन प्रतींची आग एकच असते.

हे शिकविण्याचे काम शिक्षकांनी अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये फाइलींचा वृक्ष वापरणाऱ्यास दिसतच नसे. तो पाहण्याची सोय दहा वर्षांनी आली. अशा यंत्रांवर वाढलेल्या मुलांस फाइल 'कोठे' असते हा प्रश्नच कळत नाही, असे काही परदेशी विद्यापीठांतील अध्यापकांनी २०२१ च्या सुमारास नमूद केले आहे. आपल्या वर्गांतही हे फार निराळे नसावे. निबंध लिहावयास शिकविताना त्या निबंधाचे नाव, तारीख आणि जागा ही तिन्ही शिकविली, तर त्यास एका तासाहून अधिक वेळ लागणार नाही.

राजवाड्यांच्या पिढीने दुसऱ्यांनी टाकलेले कागद गोळा करण्यात आयुष्ये वेचली. त्यांच्या कष्टांचे पोवाडे गाणे सोपे आहे; ते कष्ट पुढच्या संशोधकावर पुन्हा न लादणे हे अधिक योग्य स्मरण होय. आज रात्री संगणक बंद करण्यापूर्वी वाचकाने आपल्या शेवटच्या लेखाच्या नावापुढे साल लिहिले, तरी ह्या कामास आरंभ झाला असे आम्ही समजू.